घरगुती एसडीआर मिक्सर: आराखडा, सिम्युलेशन आणि बांधणी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कराड, सातारा या पट्ट्यात घरी रेडिओ बांधणारी हौशी मंडळी आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांच्यासाठी हे पान आहे. एसडीआर म्हणजे सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ, आणि मिक्सर म्हणजे त्यातला अँटेनाचा सिग्नल साउंड कार्डाला झेपेल अशा कमी फ्रिक्वेन्सीला आणणारा भाग. वेगळं सांगितलं नसेल तिथे सगळे आकडे ७.१ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे ४० मीटर पट्ट्याच्या रिसीव्हरचे आहेत. हा पट्टा निवडायचं कारण साधं आहे. दिवसाही इथे भारतीय हौशी केंद्रं ऐकू येतात, आणि या फ्रिक्वेन्सीला वायरिंगमधल्या लहानसहान चुका माफ होतात. २८ मेगाहर्ट्झला त्या होत नाहीत.

इथे कोणता मिक्सर धरला आहे?

क्वाड्रॅचर सॅम्पलिंग डिटेक्टर. अमेरिकेतले हौशी रेडिओवाले डॅन टेलो यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्यांना त्याचं पेटंट २००१ साली मिळालं. एक ॲनालॉग स्विच आयसी, चार कपॅसिटर, दोन ऑप-अँप आणि ९० अंशांच्या फरकाचे दोन क्लॉक एवढाच त्याचा पसारा. पुढचं सगळं काम साउंड कार्ड आणि संगणकातलं सॉफ्टवेअर करतं.

हा मिक्सर चालतो कसा?

पाटाच्या पाण्याला दारं धरताना एका वेळी एकाच वाफ्याचं दार उघडतो, तसा हा स्विच अँटेनाचा सिग्नल चार कपॅसिटरना पाळीपाळीने देतो. क्लॉकच्या एका आवर्तनात चौघांची एकेक पाळी होते, प्रत्येकाच्या वाट्याला पाव आवर्तन. सिग्नलची फ्रिक्वेन्सी क्लॉकइतकीच असेल तर प्रत्येक कपॅसिटरला दर वेळी लहरीचा तोच तुकडा मिळतो आणि त्यावरचा व्होल्टेज स्थिर राहतो. सिग्नल १० किलोहर्ट्झने वर असेल तर हा व्होल्टेज १० किलोहर्ट्झने वरखाली होतो. ० आणि १८० अंशांच्या कपॅसिटरमधला फरक म्हणजे आय, ९० आणि २७० मधला फरक म्हणजे क्यू.

पाव आवर्तनाची सरासरी घेताना शिखराचा ०.९ भाग उरतो, म्हणजे घट फक्त ०.९ डीबी. डायोडच्या डबल बॅलन्स्ड मिक्सरमध्ये ६ ते ७ डीबी जातात.

सीडी४०६६ (स्विच आयसी) किंवा एनई६०२ (मिक्सर आयसी) घरात पडून आहेत. ते चालतील का?

४०६६ चा चालू अवस्थेतला रेझिस्टन्स ५ व्होल्टला काहीशे ओहम असतो. ५० ओहमच्या अँटेनासमोर तो फार झाला. ७४एचसी४०५२ मध्ये तो साधारण ७० ओहम, तत्त्व समजून घेण्यापुरता ठीक. एफएसटी३२५३ किंवा सीबीटी३२५३ मध्ये शून्य व्होल्टच्या आसपास ४ ओहम आणि २.४ व्होल्टला ८ ओहमच्या जवळपास. म्हणून हेच आयसी घ्या.

एनई६०२ आणि त्याचा भाऊ एसए६१२ गेन देतात, पण जोरदार सिग्नलपुढे लवकर शरण जातात. त्यांचा तिसऱ्या क्रमाचा इंटरसेप्ट (जोरदार सिग्नल सहन करण्याचं माप) उणे १३ डीबीएमच्या आसपास आहे. संध्याकाळी ७.२ मेगाहर्ट्झच्या वर शॉर्टवेव्ह प्रसारण केंद्रं जागी होतात तेव्हा याचा त्रास जाणवतो. शिवाय आय आणि क्यूसाठी असे दोन आयसी लागतात आणि दोघांचा गेन जुळवत बसावं लागतं. एफएसटीमध्ये सगळे स्विच एकाच चिपवर असल्याने ती जुळणी आपोआप मिळते.

चार कपॅसिटर किती किमतीचे घ्यायचे?

हे साउंड कार्डवर ठरतं. प्रत्येक कपॅसिटर पाव वेळच जोडलेला असल्यामुळे त्याला दिसणारा रेझिस्टन्स चौपट होतो. मधल्या फ्रिक्वेन्सीपासून एका बाजूची ३ डीबी मर्यादा काढायची तर १ भागिले २ पाय गुणिले ४ गुणिले आर गुणिले सी. आर म्हणजे अँटेनाचे ५० अधिक स्विचचे ८, एकूण ५८ ओहम.

१०० नॅनोफॅरडला ही मर्यादा ६.९ किलोहर्ट्झ येते, ३३ ला २०.८, २२ ला ३१.२ आणि १० ला ६८.६. साउंड कार्ड ४८ किलोहर्ट्झने नमुने घेत असेल तर मधोमधपासून दोन्हीकडे २४ किलोहर्ट्झ दिसतं, त्याला २२ नॅनोफॅरड बरोबर. ९६ किलोहर्ट्झच्या कार्डाला १० नॅनोफॅरड. अनेक जण जुन्या आराखड्यातले १०० नॅनोफॅरड तसेच उचलतात आणि मग पडद्याच्या कडेला सिग्नल मरतात म्हणून ऑप-अँप बदलत बसतात.

जात महत्त्वाची. सी-झिरो-जी सिरॅमिक, नाहीतर हिरवे पॉलिएस्टर, ज्यांवर २२३जे छापलेलं असतं. एक्स७आर किंवा साध्या चकतीचे सिरॅमिक नकोत. त्यांची किंमत तापमानाने आणि व्होल्टेजने बदलते. दहा-पंधरा एकदम घ्या, मीटरवर मोजा आणि एकमेकांपासून १ टक्क्याच्या आत येणारे चार निवडा. २२ च्या जागी चारही २१.४ निघाले तरी काही बिघडत नाही, चौघे सारखे हवेत.

सिम्युलेशन कशात करायचं आणि कसं मांडायचं?

एलटीस्पाइस फुकट आहे आणि या कामाला पुरेसं आहे. लिनक्सवर एनजीस्पाइस किंवा किकॅडमधलं अंगभूत सिम्युलेशन चालेल. खालची मांडणी एलटीस्पाइसची आहे.

आधी आदर्श स्विच घ्या, आयसीचं मॉडेल शोधत बसू नका. एक साइन स्रोत: १० मिलिव्होल्ट, ७.११ मेगाहर्ट्झ, त्याच्या मालिकेत ५० ओहम. स्रोताला २.५ व्होल्टचा डीसी ऑफसेट. तिथून चार व्होल्टेज-नियंत्रित स्विच, प्रत्येकाच्या पलीकडे २२ नॅनोफॅरड ग्राउंडला. स्विचच्या मॉडेलमध्ये आरऑन ८, आरऑफ १० मेग, व्हीटी (उंबरठा) २.५, व्हीएच उणे ०.५. व्हीएच उणे दिल्याने स्विच झटक्यात न बदलता सलग बदलतो आणि गणित अडत नाही. चारही स्विचच्या सामाईक टोकाला १५ पिकोफॅरड ग्राउंडला जोडा, आयसीच्या आतल्या कपॅसिटन्सची ती अंदाजे जागा.

स्पाइसमध्ये एम म्हणजे मिली. १० मेगाओहम लिहायला मेग लिहावं लागतं; नुसतं एम लिहिलं की आरऑफ १० मिलिओहम होतो, चारही स्विच कायमचे जोडलेले राहतात आणि आउटपुटला काहीच दिसत नाही. फ्रिक्वेन्सी लिहितानाही हीच गत.

चार क्लॉकसाठी चार पल्स स्रोत, ० ते ५ व्होल्ट. चढ आणि उतार २ नॅनोसेकंद. शून्य लिहू नका, शून्य दिसलं की एलटीस्पाइस स्वतःच्या हिशेबाने वेळ घेतं. चालू राहण्याची वेळ पाव आवर्तन वजा २ नॅनोसेकंद, म्हणजे उंबरठ्यावर मोजलं तर बरोबर पाव भरतो. विलंब अनुक्रमे शून्य, पाव, अर्धं आणि पाऊण आवर्तन.

आवर्तनाचा आकडा हाताने लिहू नका. ७.१ मेगाहर्ट्झचं आवर्तन १४०.८४५ नॅनोसेकंद आहे. तुम्ही १४०.८ लिहिलंत की क्लॉक ७.१०२२७ मेगाहर्ट्झ होतो आणि १० किलोहर्ट्झला अपेक्षित सिग्नल ७.७ ला सापडतो. पॅरामीटर म्हणून फ्रिक्वेन्सी द्या आणि सगळ्या वेळा त्यातूनच भागून घ्या.

ट्रान्झियंट १.२ मिलिसेकंद चालवा, पहिले ०.२ मिलिसेकंद साठवू नका, कमाल पायरी १ नॅनोसेकंद. उरलेल्या १ मिलिसेकंदात क्लॉकची नेमकी ७१०० आणि आउटपुटची नेमकी १० आवर्तनं बसतात, त्यामुळे एफएफटीला (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करून दाखवणारं गणित) कोणतीही विंडो लागत नाही. प्लॉटविनसाइझ हा पर्याय शून्य करा, नाहीतर एलटीस्पाइस आलेख दाबून साठवतं आणि एफएफटीच्या तळाशी खोटा नॉइज येतो. एफएफटीला २,६२,१४४ बिंदू द्या. साध्या लॅपटॉपवरही काही मिनिटांचं काम आहे.

उत्तर बरोबर आलं हे कशावरून ओळखायचं?

हातावरचं गणित आधी करून ठेवा. १० मिलिव्होल्टच्या ०.९ पट म्हणजे ९ मिलिव्होल्ट. १० किलोहर्ट्झला ३१ किलोहर्ट्झची मर्यादा आणखी ५ टक्के खाते. म्हणजे प्रत्येक कपॅसिटरवर २.५ व्होल्टच्या वरखाली ८.६ मिलिव्होल्ट शिखर, आणि ० वजा १८० केलं की १७ मिलिव्होल्ट. स्रोताच्या मागे ५० ओहम आहेत म्हणून सिग्नल निम्मा होईल असं वाटतं, पण कपॅसिटर भरला की त्यातून सरासरी प्रवाह जात नाही, म्हणून तो स्रोताच्या पूर्ण व्होल्टेजपर्यंत पोहोचतो. आकडा निम्मा आला तर कुठेतरी लोड लागलाय.

मग आलेखाच्या आडव्या अक्षावर वेळेऐवजी आय लावा आणि उभ्यावर क्यू. वर्तुळ दिसायला हवं. लंबगोल दिसला तर गेन किंवा फेजचा फरक आहे. सरळ रेघ दिसली तर जोडणी चुकली आहे. स्रोत ७.०९ मेगाहर्ट्झ केला की वर्तुळ उलट दिशेने फिरतं. वरची आणि खालची बाजू सॉफ्टवेअर वेगळी ओळखतं ते यावरूनच.

सिम्युलेशनमध्ये सगळं सुंदर येतं, बांधल्यावर मात्र इमेज (मधोमधच्या दुसऱ्या बाजूला त्याच केंद्राचं खोटं प्रतिबिंब) दिसते. असं का?

कारण सिम्युलेशनला तुम्ही एकही दोष दिलेला नाही. आदर्श भाग टाकून आदर्श उत्तर मिळवण्यात काही शिकण्यासारखं नाही. पहिलं वर्तुळ आलं की लगेच एकेक दोष मुद्दाम घाला आणि प्रत्येकाची खूण ओळखायला शिका. सिम्युलेशनचा खरा उपयोग हाच आहे.

इमेज किती दबते हे आय आणि क्यू किती जुळतात यावर अवलंबून. फक्त १ अंशाचा फेज फरक असेल तर ४१ डीबी. फक्त १ टक्का गेन फरक असेल तर ४६ डीबी. दोन्ही असतील तर ४०.

पहिला दोष क्लॉकचा. ७.१ मेगाहर्ट्झला १ अंश म्हणजे ०.३९ नॅनोसेकंद. क्यूच्या दोन्ही पल्सचा विलंब तेवढा वाढवा आणि पुन्हा चालवा. पीसीबीवर सिग्नल १ नॅनोसेकंदात साधारण १५ सेंटिमीटर जातो, म्हणजे दोन क्लॉकच्या तारांत ६ सेंटिमीटरचा फरक पडला की १ अंश गेला. २८.४ मेगाहर्ट्झला हाच अंश ०.१ नॅनोसेकंदाचा, म्हणजे दीड सेंटिमीटरचा होतो. ४० मीटरला छान चालणारा तोच बोर्ड १० मीटरला का रडतो त्याचं उत्तर इथे आहे.

दुसरा दोष कपॅसिटरचा. आयचे दोन २२ आणि क्यूचे दोन २३.१ नॅनोफॅरड करा, म्हणजे ५ टक्के फरक. मधोमधपासून १ किलोहर्ट्झवर इमेज ६० डीबीच्या खालीच राहते. १० किलोहर्ट्झवर ती ४२ डीबीवर येते, २० किलोहर्ट्झवर ३७ वर. खऱ्या रिसीव्हरवरही नेमकी हीच खूण शोधा: इमेज सगळीकडे सारखी असेल तर क्लॉकची फेज किंवा गेनचे रेझिस्टर तपासा; कडेकडे वाढत असेल तर कपॅसिटर पुन्हा मोजा. सॉफ्टवेअरमधली दुरुस्ती बहुधा एकाच गेन आणि फेजची असते. ती पहिला दोष बराच पुसते, दुसरा फक्त एका ठिकाणी पुसते.

तिसरा दोष पाळ्या एकमेकींवर चढण्याचा. चालू वेळ पाव आवर्तनापेक्षा ३ नॅनोसेकंद जास्त करा. दोन शेजारचे कपॅसिटर क्षणभर १६ ओहममधून एकमेकांना जोडले जातात, एकाचा चार्ज दुसऱ्यात जातो आणि गेन खाली येतो.

नेमका आकडा हवा असेल तर आय आणि क्यू मजकूर फाइलमध्ये काढा आणि ऑक्टेव्ह किंवा पायथनमध्ये आय अधिक जे क्यू अशी कॉम्प्लेक्स एफएफटी घ्या. एलटीस्पाइसच्या फाइलमधले वेळबिंदू समान अंतरावर नसतात. आधी इंटरपोलेट करून समान अंतरावर आणा, नाहीतर एफएफटीत कचरा येईल आणि तो इमेजसारखाच दिसेल.

९० अंशांचे क्लॉक कसे मिळवायचे?

एसआय५३५१ए या क्लॉक देणाऱ्या आयसीच्या मॉड्यूलने. आतला पीएलएल (उंच फ्रिक्वेन्सी निर्माण करणारा भाग) ६०० ते ९०० मेगाहर्ट्झमध्ये चालवायचा आणि पूर्ण, सम संख्येने भागायचं. ७.१ साठी ७१० मेगाहर्ट्झ भागिले १००. फेज रजिस्टरचं एक एकक म्हणजे पीएलएल आवर्तनाचा चौथा भाग. म्हणून दुसऱ्या आउटपुटच्या फेज रजिस्टरमध्ये भाजकच लिहिला, इथे १००, की बरोबर ९० अंश मिळतात. शून्य क्रमांकाच्या आउटपुटचं फेज रजिस्टर १६५, पहिल्याचं १६६.

फेज लिहिल्यावर रजिस्टर १७७ मधून पीएलएल रीसेट करावाच लागतो, नाहीतर दोन आउटपुट मनाला येईल त्या फेजला सुरू होतात. मात्र हा रीसेट फक्त भाजक बदलला तरच करा. ट्यूनिंगच्या प्रत्येक पायरीला केला तर हेडफोनमध्ये टकटक ऐकू येते.

फेज रजिस्टर ७ बिटांचं आहे, म्हणून भाजक १२६ च्या वर जात नाही आणि ६०० भागिले १२६ म्हणजे ४.७६ मेगाहर्ट्झच्या खाली डेटाशीट पाळून उतरता येत नाही.

मग ८० मीटर किंवा मध्यम लहर कशी ऐकायची?

७४एसी७४ मधल्या दोन फ्लिप-फ्लॉपचा जॉन्सन काउंटर करा आणि त्याला चौपट क्लॉक द्या. ३.६ मेगाहर्ट्झसाठी १४.४. हा मार्ग जुना आणि भरवशाचा आहे. चारही पाळ्या क्लॉकच्या एकाच कडेवरून निघत असल्याने फेज आपोआप नीट येते. ७४एचसी७४ ऐवजी एसी घ्या. सांगलीकरांनी पहिली चाचणी आकाशवाणी सांगलीच्या १२५१ किलोहर्ट्झवर घ्यावी. क्लॉक ५.०४ मेगाहर्ट्झ दिला की मिक्सर १२६० वर बसतो आणि केंद्र मधोमधपासून ९ किलोहर्ट्झ खाली दिसतं. मीटरभर तार पुरते.

एफएसटी३२५३ जोडताना कोणती चूक सर्वांत जास्त होते?

क्रमाची. निवडीच्या दोन पिना आहेत, १४ आणि २. ९० अंशांच्या फरकाचे दोन क्लॉक दिले की त्यांचा क्रम ००, ०१, ११, १० असा जातो. ००, ०१, १०, ११ असा नाही. म्हणून पहिल्या स्विचचा जोडीदार तिसरा नसून चौथा आहे, आणि दुसऱ्याचा तिसरा. पहिल्या अर्ध्या भागात पिन ६ आणि ३ यांची जोडी आय देते, ५ आणि ४ यांची क्यू. दुसऱ्या अर्ध्यात १० आणि १३, ११ आणि १२.

छापील क्रमाने ६–४ आणि ५–३ अशा जोड्या लावल्या तर दोन्ही चॅनलवर हुबेहूब तोच सिग्नल येतो. आवाज येतो, पडदा भरलेला दिसतो, पण प्रत्येक केंद्र मधोमधच्या दोन्ही बाजूंना सारख्याच उंचीने दिसतं. असं दिसलं की सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी या चार पिना बघा. दोन क्लॉकची अदलाबदल झाली तर मात्र फक्त डावं-उजवं उलटतं, ते सॉफ्टवेअरमध्ये आय-क्यू बदलून सुटतं.

पिन १ आणि १५ ग्राउंडला जोडायला विसरू नका. त्या उंच राहिल्या तर स्विच बंदच राहतात. पिन १६ ला अगदी लागून १०० नॅनोफॅरड. दोन्ही अर्धे समांतर जोडले तर स्विचचा रेझिस्टन्स निम्मा होतो.

अँटेनाच्या बाजूला २.५ व्होल्ट कशासाठी?

हा स्विच ग्राउंडच्या खालचा व्होल्टेज सांभाळत नाही. १०के-१०के चा डिव्हायडर, त्यावर १० मायक्रोफॅरड आणि १०० नॅनोफॅरड, आणि तिथून ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम वेढ्याच्या थंड टोकाला जोडणी. ट्रान्सफॉर्मर एफटी३७-४३ या फेराइट टोरॉइडवर (कड्यावर) १० आणि १० वेढे, दोन्ही तारा एकत्र पिळून. हा बायस, म्हणजे स्थिर व्होल्टेज, थोडा खाली, २ व्होल्टच्या आसपास घेतला तर स्विचचा रेझिस्टन्स थोडा कमी होतो. वर मात्र नेऊ नका.

ऑप-अँप कोणता आणि गेन किती?

एनई५५३२ सगळीकडे मिळतो, त्याचा नॉइज ५ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ, आणि ४० मीटरला तो भरपूर चांगला आहे. पण त्याला ५ व्होल्टवर चालवू नका; १२ व्होल्ट द्या आणि संदर्भ ६ व्होल्टला ठेवा. डिटेक्टरच्या २.५ व्होल्टशी गाठ पडू नये म्हणून मध्ये प्रत्येक मार्गावर १० मायक्रोफॅरड. एलएम४५६२ आणखी शांत आहे, २.७ नॅनोव्होल्टचा.

डिफरन्स अँप्लिफायरमध्ये चारही इनपुट रेझिस्टर १के, फीडबॅक आणि त्याचा जोडीदार ४७के. गेन ४७ येत नाही. प्रत्येक कपॅसिटरच्या मागे ४ गुणिले ५८ म्हणजे २३२ ओहम असतात, म्हणून ४७,००० भागिले १,२३२, म्हणजे ३८, साडेएकतीस डीबी. काही आराखड्यांत इनपुट रेझिस्टर फक्त १० ओहम असतो. नॉइज त्यात कमी, पण अँटेना ५० वरून १०० ओहम झाली की गेन ५ डीबीने पडतो. १के ठेवला तर सव्वा डीबीच. सगळे रेझिस्टर १ टक्क्याचे मेटल फिल्म.

हा भाग सिम्युलेशनमध्ये जोडताना सुरुवातीचा ऑपरेटिंग पॉइंट वगळण्याचा पर्याय बंद ठेवा. तो चालू असेल तर १० मायक्रोफॅरड ४७के मधून भरत राहतात, त्याची वेळ जवळपास अर्धा सेकंद, आणि तुमच्या १ मिलिसेकंदाच्या खिडकीत फक्त सरकणारी रेघ दिसते.

अँटेना सरळ मिक्सरला जोडली तर?

ऐकू येईल, पण बरंच नको असलेलंही. हा मिक्सर विषम पटींनाही उत्तर देतो: तिसऱ्या पटीला फक्त ९.५ डीबी कमी, पाचव्याला १४. क्लॉक ७.१५ ते ७.२ ला असताना २१.४५ ते २१.६ मेगाहर्ट्झवरची प्रसारण केंद्रं ४० मीटरमध्ये येऊन बसतात. जवळच्या मध्यम लहरीच्या केंद्राने स्विच ओव्हरलोड होतो तो वेगळाच.

दोन रेझोनेटरचा बँडपास फिल्टर लावा. टी५०-६ या पिवळ्या टोरॉइडवर २२ वेढे घातले की १.९ मायक्रोहेन्री मिळतात, ७.१ ला त्याला जुळणारा एकूण कपॅसिटन्स २६० पिकोफॅरड, कपलिंगचा भाग धरून. २२० पिकोफॅरडचा सी-झिरो-जी आणि ट्रिमर असं करा. एका टोरॉइडला साधारण ४५ सेंटिमीटर तार लागते. मधल्या भोकातून तार गेली की एक वेढा मोजायचा. बाहेरून मोजलं की एका वेढ्याची चूक होते आणि फिल्टर सरकतो. नॅनोव्हीएनए (फिल्टर मोजायचं छोटं उपकरण) असेल तर लगेच दिसतं.

फिल्टर आणि मिक्सर यांच्या मध्ये ३ ते ६ डीबीचा पॅड (सिग्नल कमी करणारं रेझिस्टरांचं जाळं) ठेवा. मिक्सरला स्थिर ५० ओहम दिसतात, क्लॉकची अँटेनाकडे होणारी गळती कमी होते, आणि ४० मीटरला वातावरणाचा नॉइज इतका असतो की या पॅडने ऐकण्यात फरक पडत नाही.

लॅपटॉपचा माइक जॅक चालेल का?

बहुतेक नाही. तो मोनो असतो, आणि आय आणि क्यूला दोन वेगळे चॅनल लागतात. यूएसबीचं असं कार्ड घ्या ज्यावर लाइन-इन स्टिरिओ आहे असं स्पष्ट लिहिलंय. स्वस्त डोंगलवर बहुधा फक्त माइक असतो. एचडीएसडीआर किंवा क्विस्कमध्ये दोन्ही चॅनल निवडा आणि विंडोजमधले आवाज ‘सुधारणारे’ सगळे पर्याय बंद करा; ते फेज बिघडवतात.

पडद्याच्या मधोमध उंच खांब दिसतो, शिवाय गुणगुण येते.

मधोमध म्हणजे शून्य फ्रिक्वेन्सी, तिथे डीसी, ऑप-अँपचा कमी फ्रिक्वेन्सीचा नॉइज आणि ५०-१०० हर्ट्झ सगळं गोळा होतं. हवं ते केंद्र मधोमधपासून १० किलोहर्ट्झ बाजूला ठेवून ऐका. गुणगुण दूरपर्यंत पसरली असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढा. थांबली तर ग्राउंड लूप आहे. साउंड कार्डाकडे जाणाऱ्या दोन्ही मार्गांत ६०० ओहमचे ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घाला. दोन्ही एकाच जातीचे हवेत.

पहिल्यांदा चालू करताना काय क्रम ठेवायचा?

आयसी बसवण्याआधी ५ आणि १२ व्होल्ट मोजा. मग एफएसटी आणि क्लॉक, अँटेनाशिवाय. चारही कपॅसिटरवर सारखाच बायस व्होल्टेज यायला हवा. एक वेगळा असेल तर तो स्विच चालूच होत नाही. पिन १४ किंवा २ वर क्लॉक पोहोचत नाही, नाहीतर १.२७ मिलिमीटर अंतराच्या पिनांत सोल्डरचा पूल झालाय. त्यानंतर ऑप-अँप, दोन्ही आउटपुटना ६ व्होल्ट. शेवटी फिल्टर आणि अँटेना. सगळं एकदम जोडून चालू केलं तर दोष कोणत्या टप्प्यात आहे हे शोधण्यातच संध्याकाळ जाते.

रात्री संपूर्ण पडद्यावर समान अंतराने कुंचल्यासारख्या रेघा येतात. मिक्सर खराब आहे का?

अँटेना काढा. रेघा गेल्या तर त्या बाहेरून येतायत. एलईडी बल्ब, सेट-टॉप बॉक्सचे ॲडॉप्टर, सोलर पंपाचे आणि मोटरचे इन्व्हर्टर ही नेहमीची ठिकाणं. महावितरणची वीज गेल्यावर रिसीव्हर बॅटरीवर चालवून बघा. त्या वेळची शांतता मिळाली की घरातला एकेक स्विच चालू करत दोषी सापडतो. मळ्यात पंप जवळ असेल तर अँटेना तारांना काटकोनात आणि शक्य तितकी दूर बांधा. यवतेश्वर-कासच्या बाजूला पठारावर गेलात तर तोच रिसीव्हर वेगळाच वाटेल.

सुटे भाग कुठून आणायचे?

रेझिस्टर, एनई५५३२, ७८०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर), पॉलिएस्टर कपॅसिटर सांगली-साताऱ्यातही मिळतात. टोरॉइडवर घालायची इनॅमलची तार मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात घ्या, २६ गेज. ७४एसी७४ साठी पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड. एफएसटी३२५३, एसआय५३५१ मॉड्यूल आणि टोरॉइड ऑनलाइनच मागवावे लागतात. एफएसटी दोन-तीन जास्त घ्या आणि एसओआयसी-१६ ची ॲडॉप्टर पट्टी सोबत मागवा.

याच मिक्सरने प्रसारण करता येईल का?

स्विच उलट्या दिशेनेही चालतो. ऑप-अँपकडून आय-क्यू दिले की अँटेनाच्या बाजूला रेडिओ सिग्नल निघतो. पण प्रसारणासाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसीचा (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेचा) हौशी परवाना लागतो, आणि तो परीक्षा देऊन मिळतो. भारतात ४० मीटर पट्टा ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ आहे. चौरस लहरीने चालणाऱ्या या मिक्सरमधून विषम पटी जोरात निघतात, तेव्हा लो-पास फिल्टर बसवल्याशिवाय आणि इमेज मोजल्याशिवाय तो अँटेनाला जोडू नका. तोवर ५० ओहमच्या डमी लोडवर काम करा.